वर बघ

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. मामा निफाडकडून एसटीने आला आणि स्टँडपासून घरापर्यंत उन्हातून चालतच आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पंख्याखाली टेकला. आमच्या आजोळी दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी, मग बाकी बोलणं. ती सवय माझ्या हातात इतकी भिनलेली आहे की मी क्षणभरही विचार केला नाही. माठात वाळ्याची जुडी होती. तांब्या भरला, फुलपात्र काठोकाठ ओतलं, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि नेऊन मामाच्या हातात दिलं. पाहुण्याचं पिऊन होईपर्यंत समोर थांबायचं, म्हणून थांबले. मामाने एकदा फुलपात्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. भाचीच्या सासरी, तिच्या सासूबाईंसमोर, हातात आलेलं पाणी परत कसं करायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते मला आत्ता वाचता येतं, तेव्हा आलं नाही. त्याने फुलपात्र ओठाला लावलं. तेवढ्यात सासूबाईंनी अगदी मायेनं विचारलं, "भाऊ, गाडीला गर्दी होती का हो?" आणि तो "हो" म्हणायला गेला.

ठसका असा लागला की गुळाची वाटी लवंडली. डोळे लाल, कपाळावरची शीर टरारलेली, हात हवेत काहीतरी शोधत होता. सासूबाई धावल्या, पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "वर बघा, वर बघा!" आणि मी, जी त्याच्या गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने त्याच्या शेजारी बसून गिळण्याचं हे सगळं शिकले होते, तीही तेच ओरडले.

"मामा, वर बघ!"

मामाने वर पाहिलं नाही. हनुवटी छातीला टेकवली, डोळे मिटले, खोकला, पुन्हा गिळलं, पुन्हा खोकला. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला. मग रुमालाने तोंड पुसून सासूबाईंना म्हणाला, "काही नाही ताई. पाणी जरा चुकलं." हे वाक्य त्याने त्याच्या नव्या आवाजात म्हटलं. तो गेल्यावर मी फरशीवरचा चिकट गूळ पुसत बसले आणि मला स्वतःचा राग येत राहिला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मामाचा जुना आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो वर्णन करून सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगता येत नाही. कांद्याच्या बाजारात तो बोली पुकारायचा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, पिकअप, उडणारी सालपटं, डोळ्यांत जाणारी धूळ, आणि एकेका ट्रॉलीपाशी थबकत पुढे सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका. त्या घोळक्याच्या मधोमध मामा. "बाराशे, बाराशे एक, बाराशे अकरा, बाराशे पंचवीस..." आकडा नुसता मोठ्याने ओरडून चालत नाही, तो शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला स्पष्ट कळला पाहिजे, कारण त्याचं वर्षाचं गणित त्या एका आकड्यात असतं. मामा प्रत्येक आकड्याचं शेवटचं अक्षर किंचित लांबवायचा. लहानपणी सुट्टीत आम्ही मुलं अंगणात मातीच्या ढेकळांचे ढीग करून लिलाव खेळायचो, आणि पुकारायला कोण, यावरून भांडणं व्हायची. सगळ्यांना मामा व्हायचं असायचं.

विडी होतीच. सिन्नर जवळ, विड्या सगळीकडे, आणि बाजारातल्या माणसाच्या कानामागे विडी नसेल तर काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं असा तो काळ. आवाज बसला तेव्हा लाल कांद्याचा हंगाम ऐन भरात होता. धूळ आहे, ओरडणं आहे, बसायचाच, असं सगळे म्हणाले. मामीने हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायला दिला, मिठाच्या गुळण्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग वेगळ्या गोळ्या दिल्या. दुखत काहीच नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच साडेतीन महिने गेले. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला, त्यातून माणूस विडी ओढणारा, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आत पाहून घ्यायचं, एवढी एक ओळ आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आता मी ती भेटेल त्याला सांगते. लग्नात सांगते, बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगते.

नाशिकला नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. त्याआधी स्वरयंत्र म्हणजे पेटीसारखं काहीतरी असावं अशी माझी समजूत होती. पडद्यावर दिसली ती एक ओलसर गुलाबी गुहा आणि तिच्यात मोत्यासारख्या पांढऱ्या दोन पट्ट्या, पुढे एकमेकींना जुळलेल्या, मागे उघडणाऱ्या. पुरुषाच्या त्या पट्ट्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या असतात. साधं बोलताना त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींवर आपटतात. अख्खा बाजार ज्या आवाजावर चालायचा तो एवढ्याशा दोन पट्ट्यांतून निघत होता. मामाच्या उजव्या पट्टीवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी उगवलं होतं, आणि ते पुढच्या जोडावरून डाव्या पट्टीकडे सरकलं होतं. तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी जे कळायचं ते कळलं, कर्करोग.

त्या आठ दिवसांत मला रात्री झोप लागायची नाही आणि मी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवून पडून राहायची. तुम्हीही ठेवून बघा. हनुवटीखालून बोट खाली आणलं की आधी एक बारीक कमानीसारखं हाड लागतं. घोड्याच्या नालेसारखं हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नाही, नुसत्या स्नायूंनी आणि बंधांनी तोललेलं आहे. त्याच्या खाली कंठमणी. उघडं पुस्तक पालथं धरावं आणि त्याची पाठ पुढे यावी, तशी ती कूर्चा असते, आणि त्या पाठीच्या आतल्या अंगाला दोन्ही स्वरतंतू पुढून बांधलेले असतात. आणखी खाली एक पूर्ण कडं लागतं, खड्याच्या अंगठीसारखं, फक्त खडा मागच्या बाजूला. त्या खड्यावर दोन इवल्या कूर्चा बसलेल्या असतात. त्यांचं ग्रीक नाव पळीवरून पडलंय म्हणे. स्वरतंतूंची मागची टोकं त्यांना बांधलेली. त्या वळल्या की तंतू मिटतात, सरकल्या की उघडतात. आता बोट कंठमण्यावर ठेवून आवंढा गिळा. सगळं यंत्र वर उचललं जातं, जिभेच्या मुळाखाली लपतं आणि पुन्हा खाली येतं. दिवसातून शेकडो वेळा हे होतं आणि आपल्याला खबर नसते.

ते आवाजासाठी होत नाही. मला हे त्याआधी कधीच माहीत नव्हतं. स्वरयंत्र आधी राखणदार आहे, गाणारं नंतर. घशात एका ठिकाणी दोन वाटा एकमेकींना ओलांडतात, एक अन्नाची, एक हवेची. त्या नाक्यावर बसून हवेची वाट राखणं हे त्याचं मुळातलं काम. आजोळच्या वाड्याला रात्री एकामागे एक दारं लागायची, तशी इथेही तीन दारं आहेत. सगळ्यात वर पानाच्या आकाराची झडप आणि तिच्या कडेच्या घड्या, त्याखाली खोटे स्वरतंतू, आणि त्याखाली खरे. पाण्याचा घोट येताना तिन्ही मिटतात, श्वास तेवढ्यापुरता थांबतो, घोट मागून अन्ननलिकेत निघून जातो. घोट आला ही खबर देणारी नससुद्धा वेगळी आहे. आणि पट्ट्या हलवणारी जी डावी नस, ती तर गळ्यातून थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला वळसा घालते आणि मग उलटी वर स्वरयंत्राकडे येते. एवढा लांबचा फेरा! ते चित्र पाहिलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ तशीच बसून होते.

मुंबईच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिन्ही रस्ते समोर मांडले. किरणोपचार एक. तोंडातून लेसरने गाठ कापणं दुसरा, पण मामाची गाठ पुढच्या जोडावर पसरलेली, तिथे पुरतं दिसत नाही, म्हणून त्यात धोका होता. तिसरा, गळ्यातून शस्त्रक्रिया. स्वरतंतूंमध्ये लसीकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून असा रोग पुढे सरकतो त्या बारीक नळ्या, जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथला कर्करोग बराच काळ जागेवरच राहतो, तो मानेतल्या गाठींत अजून गेलेला नाही, हे त्यातल्या त्यात चांगलं, असं ते म्हणाले. मग फायलीच्या पाठीवर पेनाने चित्र काढलं. कंठमणी आतल्या दोन्ही स्वरतंतूंसकट काढायचा, खोटे तंतूही काढायचे. खालची अंगठी ठेवायची, तिच्यावरच्या दोन पळ्यांपैकी निदान एक हलती ठेवायची, वरची झडप ठेवायची. मग अंगठी उचलून थेट त्या नालेसारख्या हाडाला शिवून टाकायची. तीन जाड टाके. मध्ये जे होतं ते नाही, खालचं आणि वरचं एकमेकांना टेकलेलं. १९५९ साली ऑस्ट्रियात मायर आणि रीडर या दोघांनी ही रीत मांडली, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला फक्त पेनाची ती रेघ दिसत होती, जी डॉक्टरांनी कंठमण्यावर आडवी मारली.

"आवाज जाणार का?" मामीने विचारलं. "आवाज राहील," डॉक्टर म्हणाले, "पण हा राहणार नाही. आणि मुख्य प्रश्न आवाजाचा नाही. पाणी पिण्याचा आहे." आम्ही तिघांनी ते ऐकलं आणि तिघांनीही ते बाजूला ठेवलं. आम्हाला आवाजाचंच दुःख करायचं होतं.

मग त्यांनी मामाला जिना चढून यायला सांगितलं. दोन मजले, न थांबता. तीन दारांपैकी दोन काढल्यावर थोडंफार पाणी श्वासनलिकेत उतरणारच, ते खोकून बाहेर टाकण्याची ताकद फुप्फुसांत आहे का, हे पाहायचं होतं. दम नसलेल्या माणसाला ही शस्त्रक्रिया करत नाहीत. मामा धोतराचा सोगा हातात धरून चढला. मी मागे पायऱ्या मोजत होते. वर पोचल्यावर त्याने भिंतीला हात लावला नाही. उभा राहिला, छाती वरखाली होत होती, आणि माझ्याकडे बघून बसलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पास?"

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली होती. तिथे संध्याकाळी सगळ्या गावांची माणसं एकत्र जेवतात, आणि कुणाला काय झालंय हे कुणी विचारत नाही, कारण ते माहीत असतं. आदल्या रात्री मामी जप करत होती आणि मी फोनवर वाचत होते. लंडनमध्ये गाणं शिकवणारा मॅन्युएल गार्सिया, १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरून आणि दुसऱ्या आरशाने उन्हाची तिरीप आत पाडून, स्वतःचं स्वरयंत्र हलताना बघता झाला. तो एकशे एक वर्षं जगला. आणि जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. १८८७ साली त्याचा आवाज बसला, जर्मन डॉक्टरांना गळा उघडून गाठ काढायची होती, इंग्लंडहून आलेल्या मॅकेन्झीला कर्करोग आहे हे पटत नव्हतं, तपासायला दिलेल्या तुकड्यांत तो सापडत नव्हता. दिवस वाद घालण्यात गेले. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागला, पुढच्या महिन्यात तो सम्राट झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, तो चिठ्ठ्या लिहायचा. राज्य केलं ९९ दिवस. मी फोन बंद केला. त्याच्याकडे सगळं साम्राज्य होतं, आणि माझ्या मामाजवळ पिशवीत दोन धोतरं आणि एक नवी पाटी, पण उद्या सकाळी मामाची गाठ काढणारे हात होते. त्या रात्री मला हे खरोखर वाटलं, आणि वाटल्याबद्दल त्या कुठल्यातरी गेलेल्या राजाची माफीही मागावीशी वाटली.

संमतीच्या कागदावर आणखी एक ओळ होती. आत उघडल्यावर गाठ जास्त पसरलेली निघाली तर स्वरयंत्र पूर्ण काढण्याची परवानगी. म्हणजे मग जन्मभर गळ्याच्या भोकातून श्वास. मामाने सही केली आणि पाटीवर नव्हे, अजून आवाज होता तोवर, तोंडाने सांगितलं, "पूर्ण काढलं तर वास येत नाही म्हणे. मला कांद्याचा वास पाहिजे." नाकातून हवाच जात नसली की वास फारसा कळत नाही, हे त्याला वॉर्डातल्या कुणीतरी सांगितलं होतं.

दुपारी चार वाजता डॉक्टर बाहेर आले. कापलेल्या भागाच्या कडा तपासून घेतल्या, त्यांत रोग नव्हता, दोन्ही पळ्या राखता आल्या. मी आत गेले तेव्हा मामा झोपलेला होता. नाकात अन्नाची नळी, गळ्यात श्वासाची नळी, आणि गळ्याचा आकारच बदललेला. आधी जिथे उंचवटा वरखाली व्हायचा तिथे आता पट्टीखाली सपाट होतं. तिसऱ्या दिवशी त्याने पाटी मागितली आणि पहिलं लिहिलं ते असं, "बाजार काय निघाला?" मी फोनवर बघून लिहिलं. त्याने मान हलवली, कमी निघाला म्हणून.

पुढे जे सुरू झालं त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. गळ्यातली नळी काही दिवसांनी निघाली, भोक बुजत आलं, तो नाकाने श्वास घ्यायला लागला. मामीने घरून पिशवीत आणलेला एक कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यानं आलं की कशानं, ते आम्ही विचारलं नाही. पण नाकातली अन्नाची नळी निघेना. गिळायला शिकवणाऱ्या एक ताई रोज यायच्या. वयाने माझ्याहून लहान, फार शांत. त्यांनी मामाला पाठ दिला, श्वास घ्यायचा, धरायचा, हनुवटी छातीकडे, गिळायचं, लगेच खोकायचं, पुन्हा गिळायचं, मग श्वास. साठी ओलांडलेला माणूस पाढे म्हणावेत तसं हे बोटांवर मोजायचा. पहिल्या दिवशी चमचाभर घट्ट दही. त्यातलं अर्धं खोकल्याबरोबर बाहेर. मग कुस्करलेलं केळं, मऊ शिरा, नाचणीची घट्ट खीर. मला वाटायचं, एवढं जमतंय तर घोटभर पाणी द्यावं बिचाऱ्याला, उन्हाळा आहे. ताई म्हणाल्या, "पाणी सगळ्यात शेवटी." घट्ट पदार्थ गोळा होऊन सावकाश उतरतो, त्याला वाट दाखवता येते. पाणी धावतं, फट दिसेल तिकडे शिरतं, आणि राखणदाराला दार लावायला वेळच देत नाही. आपण तान्ह्या बाळाला, आजारी माणसाला, मरणाऱ्यालासुद्धा सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी पाणी देतो, ते सगळ्यात सोपं म्हणून. मामासाठी ते सगळ्यात कठीण होतं.

आणि "वर बघ"? ताईंनी तेही सांगितलं होतं. ठसका लागला की आपल्याकडे वर बघायला सांगतात, पण मान मागे गेली की हवेची वाट सरळ उघडी पडते. हनुवटी खाली घेतली तर जिभेचं मूळ मागे सरकतं, दाराचं तोंड अरुंद होतं. माझ्या आजीने मला वर बघायला लावलं, मी माझ्या मुलाला लावलं. किती प्रेमाने लावलं. ताई हे सांगत होत्या तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघा ओढून.

तिसरा महिना लागला तेव्हा मामाने अर्धी वाटी पाणी एकट्याने पिऊन दाखवलं. वॉर्डात पाठीमागे दोन पेशंट उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आवाज त्याआधीच आला होता. स्वरतंतू नाहीत, तर आवाज कशाचा? त्या दोन पळ्यांवरची ओली त्वचा पुढे झुकून झडपेला भिडते, मधून हवा जाते आणि ती थरथरते. त्या थरथरीचा आवाज. कांद्याची वाळलेली सालपटं कुणी पायाने सरकवावीत तसा. एकाच पट्टीतला, खरखरीत, शेवटी हवा संपून विरणारा. आकड्याचं शेवटचं अक्षर आता लांबवता येत नाही. पहिल्यांदा फोनवर तो बोलला तेव्हा मामी म्हणाली, कुणीतरी परकं माणूस घरात आलंय असं वाटतं, आणि मग रडली, असं बोलल्याबद्दल. आता ती म्हणते की रात्री तो झोपेत पुटपुटतो ना, तेव्हा मला ओळखू येतो. बाजारात तो अजून जातो, पुकारायला दुसरा मुलगा आहे, मामा त्याच्या मागे चालतो आणि भाव वहीत लिहितो. लोक भेटले की विचारतात, "आवाज गेला का हो?" तो म्हणतो, "हा काय, आहे की." पाण्याचं मात्र त्याला अजून एकानेही विचारलेलं नाही. चारचौघांत जेवायला बसला की तो पाण्याचा पेला ताटापासून लांब सरकवून ठेवतो, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर, कुणी बघत नसताना, भिंतीकडे तोंड करून पितो. मला हे माहीत होतं. तरीही मी मे महिन्यातल्या त्या दुपारी काठोकाठ भरलेलं फुलपात्र त्याच्या हातात दिलं आणि तोंडाकडे बघत उभी राहिले.

मागच्या महिन्यात तो पुन्हा आला. थंडी होती. सासूबाईंना मी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी नुसती मान डोलावून "या भाऊ, बसा" म्हटलं आणि हातातली जपमाळ घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी छोट्या वाटीत पाणी ओतलं, अर्ध्याहून कमी, शेजारी गुळाचा खडा ठेवला, स्टुलावर ठेवून काही न बोलता स्वयंपाकघरात आले. ओट्यापाशी उभी राहिले. नळ बंद केला, गॅस बारीक केला. बाहेर पंखाही नव्हता. वाटी उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग एक छोटा, कोरडा, ठरवून काढलेला खोकला, पाठातला. मग पुन्हा शांतता. मग वाटी स्टुलावर टेकल्याचा आवाज, आणि सालपटं सरकवल्यासारखा तो शब्द, "बाळ, अजून घोटभर आण."